तापी ते सातपुडा: आपल्या भागाचा इतिहास लिहायचा तर कुठल्या टोकाने धरायचा?

तापीथडी (धागालेखक)

नमस्कार मंडळी. शहादा, तळोदा, शिरपूर, म्हणजे तापीच्या उत्तर काठापासून सातपुड्यापर्यंतच्या पट्ट्याचा इतिहास लिहायचं आम्ही काही जणांनी मनावर घेतलंय. दोन निवृत्त शिक्षक, एक वकील, एक माजी तलाठी आणि टंकायला माझा पुतण्या, अशी आमची फौज.

पहिला मसुदा झाला, वाचला आणि हिरमोड झाला. यादव आले, गेले. थाळनेरला फारुकी सुलतान बसले. १६०१ ला अकबराने असीरगड घेतला. १७५२ च्या भालकीच्या तहाने पेशव्यांकडे मुलूख आला, १८१८ ला इंग्रज आले. मग एकदम १९४२, नंदुरबारचा शिरीषकुमार. मग १ जुलै १९९८, नंदुरबार जिल्हा. संपलं. यात आमच्या पट्ट्यातला माणूस कुठेच नाही. सगळे बाहेरून येतात, वसूल घेतात आणि पुढच्याच्या हातात किल्ली देऊन जातात.

तर प्रश्न असा, की राजवटींची चौकट नको असेल तर दुसरी कुठली घ्यायची? आणि साधनं कुठून आणायची? जुनी राजधानी बुऱ्हाणपूर, ती मध्य प्रदेशात. पेशवे दफ्तर पुण्यात. भिल्ल एजन्सीचे (भिल्लांच्या मुलखासाठी नेमलेल्या इंग्रज कचेरीचे) कागद मुंबईला. आमच्या हाताशी १८८० चं खानदेश गॅझेटियर, जे जो तो उतरवून काढतो. या वाटेने गेलेल्यांनी जरा बोलावं.

कापूसवेचा

पयला! आता आधी ठरवा, कान्हदेश की खानदेश?

संपादक मंडळ

नावाच्या व्युत्पत्तीचा वेगळा धागा आहे आणि तो कुलूपबंद का केला हे जुन्या सदस्यांना आठवत असेल. इथे सुरू करू नये.

कापूसवेचा

बरं भो. गप बसस.

रुमालवाला

तापीथडी काका, तुमच्याकडे काहीच नाही असं म्हणताय आणि फौजेत माजी तलाठी आहे! तुमचा सगळ्यात मोठा संशोधक तोच.

पुण्याच्या दफ्तरात जायचंच आहे, ते नंतर सांगतो. आधी तालुक्याच्या अभिलेख कक्षात बघा. जुने फेरफार (जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्या नोंदी), कडईपत्रकं (जमीनधारकांची जुनी पत्रकं), मोजणीची टिपणं, इनामांच्या नोंदी आणि कोतवाल बुकं. कोतवाल बुकात गावातले जन्म-मृत्यू, बापाचं नाव, जात, मृत्यूचं कारण. पटकीची साथ कुठल्या आठवड्यात कुठल्या गावात शिरली आणि कुठल्या आळीतून फिरली हे त्यात दिसतं. असं कुठल्याही बखरीत मिळणार नाही.

अडचण एकच. यातलं बरंचसं मोडीत आहे, आणि गावकामगाराची मोडी म्हणजे पेशव्यांच्या चिटणिसाची मोडी नव्हे. घाईत लिहिलेली, काना-मात्रा रामभरोसे. त्यातून तारखा. 'अर्बा अशरीन मया व अलफ' असं दिसलं की नवखा माणूस कागद मिटून ठेवतो. ते फक्त ११२४ आहे, शुहूर सन (मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना). त्यात ५९९ मिळवा (वर्षाच्या उत्तरार्धात ६००), १७२३-२४ येतं. फसली (महसुली सन) असेल तर ५९० किंवा ५९१. तक्ता भिंतीवर चिकटवून ठेवा, म्हणजे झालं.

पुण्याला गेलात तर पेशवे दफ्तरातले प्रांत अजमासाचे रुमाल मागा. कुठल्या परगण्याकडून किती येणं अपेक्षित होतं, काय सूट दिली, खर्च कशावर पडला, असा तो ऐवज आहे. लढाया त्यात कमी आणि दाणागोटा जास्त. तुम्हाला तेच हवंय ना?

शब्दवेडी

रुमालवाला, दणदणीत अनुमोदन. वाचनखूण साठवली.

(रुमाल म्हणजे कागदांचं गाठोडं, हे नव्या लोकांसाठी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच हातरुमाल समजले होते.)

दुर्बीण

राजवटी टाकून द्या हा सूर मला पटत नाही. राजवटीशिवाय कागद तयारच होत नाही, हे आधी मान्य करू. शिलालेख कोण कोरतो? ज्याच्याकडे द्यायला काही आहे तो. बघायचं असतं ते हे, की त्या दानात सामान्य माणूस कुठे सापडतो.

चाळीसगावजवळच्या पाटणचा लेख घ्या. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथल्या निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं. काळ शके ११२८ च्या आसपासचा, भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. आता त्यातला संस्कृत भाग म्हणजे वंशावळ आणि स्तुती. पण शेवट मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं, अशा थाटाचा. म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावर खानदेशात भरता बाजार आहे, कर गोळा करणारी माणसं आहेत आणि त्यांना समजावं म्हणून व्यवहाराचा भाग मराठीत आहे. निकुंभांची स्तुती कोरली नसती तर हा बाजारही आपल्याला दिसला नसता.

दुसरं बुऱ्हाणपूर. तिथल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेख आहे, १५९० चा, फारुकींच्या वंशावळीसकट. आपले लोक ताजमहालाच्या गप्पा मारायला बुऱ्हाणपूरला जातात (मुमताज १६३१ ला तिथेच वारली म्हणून) आणि तो लेख न बघता परत येतात. १९५६-६० च्या सीमा डोक्यात ठेवून पंधराव्या शतकाचा इतिहास लिहिला की असं होतं. राजधानी परक्या राज्यात गेली, म्हणून आपण ती पुस्तकातूनही घालवली.

सुरतकर_खान्देशी

सीमांवरून आठवलं. निझर, उच्छल हा भाग १९६० पर्यंत पश्चिम खानदेशातच होता, आता गुजरातेत. माझी आत्या निझरकडची. घरात अहिराणी आणि शाळा गुजराती. डांगचंही तेच, एकोणिसाव्या शतकात तिथला कारभार खानदेशच्या भिल्ल एजंटाकडे असायचा. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या राजांकडून जंगल पट्ट्याने घेतलं, त्याची सालाना रक्कम आजही आहव्याच्या डांग दरबारात दिली जाते. यातलं काय घेणार आणि काय सोडणार?

आणि एक. तुमच्या भागातल्या व्यापाऱ्यांचे चोपडे (हिशेबाच्या वह्या) गुजरातीत असतात. नंदुरबार, शहादा, तळोद्यातल्या जुन्या पेढ्या बघा. मोडी शिकलात तरी ते कुलूप उघडणार नाही. गुजराती वाचणारा कोणी जोडून घ्या. सुरतेत आम्ही लिंबायत-उधन्यात हवे तेवढे खान्देशी आहोत, एखादा नक्की मिळेल. पगार नको, शेवभाजी चालेल.

चौकस_चिवडा

शेवभाजी की पातोड्याची आमटी? धागा आता रंगणार.

कापूसवेचा

पातोड्या. विषय संपला.

सातपुड्याची_लेक

सगळ्यांचं वाचलं. रुमालवाला दादांच्या फेरफाराबद्दल आदर आहे, पण एक सांगू? फेरफार त्याचा, ज्याची जमीन नावावर होती. डोंगरात आमच्या कित्येक गावांची धड मोजणीच झालेली नव्हती. ती वनगावं होती, महसुली गावाचा दर्जा फार उशिरा मिळाला. काठी, चिखली, नाल, सिंगपूर, गव्हाळी, नवलपूर या मेवासी मुलखांचा (छोट्या डोंगरी सरदारांच्या जहागिरींचा) कारभारही वेगळाच होता. कागदाच्या मागे गेलात तर तुमचा इतिहास सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन थांबेल आणि वर लिहाल, 'या दुर्गम भागाविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही'. हे वाक्य मी इतक्या पुस्तकांत वाचलंय की आता हसूही येत नाही.

आणि जिथे कागदात आम्ही आहोत, तिथे कसे आहोत ते बघा. खाज्या नाईक घ्या. आधी तो इंग्रजांच्याच चाकरीत सेंधवा घाटाची राखण करायचा. १८५७ ला उलटला, इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाखांचा खजिना घाटात लुटला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी चकमक झाली, पकडलेल्यांना गोळ्या घातल्या, बायकांना कैदेत टाकलं. इंग्रजी कागदांत हा सगळा दरोडेखोरांचा बंदोबस्त. आपल्या पाठ्यपुस्तकात एक ओळ. आमच्याकडे मात्र गाणी आहेत.

गाण्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं आता कोणीतरी विचारेलच. तुम्ही फरिश्तावर, त्या फारसी इतिहासकारावर, ठेवता तसाच. विजापुरात बसून त्याने फारुकींबद्दल लिहिलं ते बरंचसं ऐकीवच होतं. आमची देवी याहामोगी आणि राजा पांठा यांच्या कथा रोडालीत (आमच्या गाथागीतांत) रात्ररात्र गातात. त्यात मोठा दुष्काळ आहे, धान्याच्या शोधात भटकणं आहे, कोणत्या देशाशी सोयरीक झाली ते आहे. सन मिळणार नाही. पण कुठल्या नद्या ओलांडल्या, कुठल्या घाटाने बाजाराला गेले, कोणाकडून मीठ घेतलं, हे मिळतं. मला विचाराल तर इतिहासाचा निम्मा ऐवज हाच.

दुर्बीण

ताई, फरिश्ताचा टोला मान्य. तरी फरक राहतोच. फरिश्ताचं वाक्य चारशे वर्षं तेच आहे, ते गुजरातच्या तवारिखांशी ताडून बघता येतं. गाणं दर गायकाबरोबर बदलतं. मागच्या पन्नास वर्षांत त्यात काय शिरलं ते कसं ओळखायचं?

सातपुड्याची_लेक

तीन गावांतल्या तीन गायकांचं घ्यायचं, ताडून बघायचं. तुम्ही पोथ्यांच्या प्रती ताडता तसं. बदल झाला तर तो का झाला हाही इतिहासच की. फक्त ध्वनिमुद्रण करून गायकाला एक प्रत द्या, नाव छापा. 'एका वृद्ध आदिवासीने सांगितले' असं लिहू नका. त्यांना नाव असतं.

अनुभवी_आबा

आम्ही आमच्या तालुक्याचा ग्रंथ काढला होता (तालुका सांगत नाही, उगाच वाद नको). त्यातून शिकलेलं सांगतो.

वर्गणीदार हा इतिहासाचा पहिला शत्रू. ज्याने मोठी रक्कम दिली त्याच्या घराण्याला स्वतंत्र प्रकरण लागलं. त्यात पणजोबा स्वातंत्र्यसैनिक निघाले. ते १९३० च्या दशकात सरकारी पाटील होते आणि सत्याग्रह्यांच्या जप्तीच्या पंचनाम्यावर त्यांची सही होती, हे कागद सांगत होता. शेवटी तडजोड झाली, 'दोन्ही बाजूंशी सलोख्याचे संबंध होते' असं छापलं. पान आजही उघडवत नाही.

दुसरं, भाटांच्या वह्या. आपल्याकडे बऱ्याच समाजांचे भाट वंशावळी राखतात, ठरावीक वर्षांनी येऊन नोंदी करतात. सोनं आहे. पण त्यात वरच्या चार पिढ्या सोडल्या की प्रत्येक जण चितोड किंवा पावागडहूनच आलेला असतो. खालच्या पिढ्या घ्या, गावं कशी बदलली ते बघा, वरचा भाग भाटाला परत द्या.

चौकस_चिवडा

चितोडची तेव्हाची लोकसंख्या आणि आपल्याकडे तिथून आलेली घराणी, गणित जुळत नाहीये आबा 😄

गावकुस

मी जरा वेगळा मुद्दा मांडतो. गॅझेटियर उतरवण्याबद्दल बोललात, त्यातली सगळ्यात घातक गोष्ट आकडे नाहीत, चित्र आहे. १८१८ चं खानदेश म्हणजे उजाड, वाघ आणि भिल्लांच्या ताब्यातला मुलूख, मग इंग्रज अधिकारी ब्रिग्ज आला, त्याने धुळे आखून वसवलं, दुसरा अधिकारी औट्रम, त्याने १८२५ ला धरणगावी भिल्ल पलटण उभी केली आणि सुबत्ता आली. हे चित्र आपण शंभर वर्षं जसंच्या तसं गिरवतोय. जो राज्य घेतो तो आधी मुलूख ओसाडच दाखवणार. त्याशिवाय त्याचं पुण्य कसं दिसणार?

रुमालवाला

गावकुस, अर्धं पटलं. पण ओसाडी इंग्रजांनी कल्पनेतून काढलेली नाही. १८०२ ला होळकरांच्या फौजा फिरल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. गावांपुढे 'बेचिराख' अशी नोंद मराठी कागदांतही येते.

गावकुस

बेचिराख म्हणजे वस्ती हलली. माणसं मेलीच असं नाही. ती कुठे गेली? शेजारच्या परगण्यात, डोंगरात, माळव्यात. हे कोणी शोधलंय? वसूल देणारं गाव नाहीसं झालं म्हणजे वसूल घेणाऱ्याच्या लेखी मुलूख संपला, एवढंच.

आणि सुबत्तेचं म्हणाल तर १८५२ बघा. इंग्रजांची जमीन मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा-फैजपूर भागात शेतकरी उठले, फौज न्यावी लागली. सुखी रयत साखळीवाल्याला हाकलत नाही. १८५७ च्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट, राजा नाही, नाईक नाही, कुणबी-पाटलांनी केलेली. त्याच फैजपुरात १९३६ ला काँग्रेसचं ग्रामीण अधिवेशन झालं, त्याचे सोहळे होतात. १८५२ ची आठवण कोणाला नाही.

रुमालवाला

हे मात्र खरंय. मोजणी आपल्याकडचा इतिहास दुभंगणारी रेघ आहे. त्याआधी हिस्सा, वतन, वाटा. नंतर सर्व्हे नंबर आणि सावकार. आकार रोखीत ठरला, रोख कापसातून आली, आणि १८६१-६५ ला अमेरिकेत यादवी झाल्यावर कापसाचे भाव चढले तेव्हा सगळा तापी काठ कपाशीकडे वळला. भाव उतरल्यावर जमिनी कोणाकडे गेल्या, ते कडईपत्रकापासून फेरफारापर्यंत एका गावाचा एकच सर्व्हे नंबर धरून बघा. मी बघितलंय. कादंबरी वाचल्यासारखं होतं.

शब्दवेडी

म्हणजे चौकट मिळाली की! राजवटींच्या ऐवजी जमीन.

सातपुड्याची_लेक

आणि त्याच जमिनीचा पुढचा भाग १९७१-७२ चा. शहाद्यात भिल्लांचे नेते अंबरसिंग महाराज, मग श्रमिक संघटना. गेलेल्या जमिनी परत मागितल्या, मजुरी मागितली, बायकांनी दारूची मडकी फोडली. त्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पुण्याचे रुमाल दोनशे वर्षं टिकलेत, अजून टिकतील. या बायका टिकणार नाहीत. आधी कुठे जायचं ते यावरून ठरवा.

नर्मदेकाठचं पण. सरदार सरोवरात अक्राणी-अक्कलकुव्यातली ३३ गावं गेली. तिथल्या लोकांनी सोमावल, रोझवा, वडछीलकडच्या वसाहतींमध्ये घरं बांधली, पण जुन्या गावातला पाडा, देव, शेताची नावं सांगणारे थोडेच उरलेत. तो नकाशा माणसाच्या डोक्यात आहे, पाण्याखालून काढता येणार नाही.

नवीन_दप्तर

मी इतिहासाची विद्यार्थिनी, पहिल्यांदाच लिहितेय. मुलाखती घेताना लोक 'आम्हाला इतिहास माहीत नाही, सरांना विचारा' म्हणतात. काय करायचं?

अनुभवी_आबा

'इतिहास सांगा' म्हणू नका बाळा. '७२ च्या दुष्काळात काय खाल्लं?' असं विचारा. मिलोपासून सुरू होईल, सुकडी, रोजगार हमीची खडी, मुकादम, कोण गाव सोडून गेलं, कोणाचं लग्न गुळाच्या खड्यावर झालं. दुपार पुरणार नाही. आणि सोबत सरपंचाला घेऊन जाऊ नका.

नवीन_दप्तर

धन्यवाद आबा! 🙏 मोडी कुठे शिकता येईल?

रुमालवाला

पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात, धुळ्यात राजवाडे मंडळात विचारा. आणि आता मोडी वाचणाऱ्याला दिवस बरे आहेत. २०२३ ला मराठा आरक्षणासाठी न्या. शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा तहसिलांमध्ये मोडी जाणकारांसाठी पळापळ झाली. त्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या न उघडलेले गठ्ठे उघडले, कितीतरी स्कॅन झाले. आरक्षणावर इथे बोलणार नाही (संपादक बघतायत), पण इतिहासाच्या दृष्टीने अशी संधी पुन्हा येणार नाही. लोक फक्त एका शब्दासाठी पान उलटत होते, त्याच पानावर बाकीचं गाव होतं.

दुर्बीण

राजवाडे मंडळाचं नाव निघालं म्हणून. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे पायपीट करून घरोघरचे कागद गोळा करत फिरले, १८९८ पासून साधनांचे खंड काढले, ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितांचा साठा आहे. आणि आपण 'आमच्याकडे साधनं नाहीत' म्हणतोय.

कापूसवेचा

आपण धुळ्याला फक्त बस बदलायला उतरतो, त्याला कोण काय करणार.

तापीथडी

सगळ्यांचे आभार. कालची अख्खी बैठक तुमचे प्रतिसाद मोठ्याने वाचण्यात गेली. वकीलसाहेब आणि तलाठी भाऊसाहेबांचं भांडणही झालं, म्हणजे काम मार्गी लागलं.

ठरलं ते सांगतो. राजवटी दहा पानांत, सुरुवातीला, तक्त्यासारख्या. पाटणचा बाजार, प्रकाशा गावच्या उत्खननातली पांढर (जुन्या वस्तीचे थर) आणि बुऱ्हाणपूरचा लेख त्यातच. मुख्य ग्रंथ १८५२ च्या मोजणीपासून, जमीन धरून. त्यासाठी तीन गावं निवडली, एक तापीकाठचं, एक पायथ्याचं, एक डोंगरातलं. डोंगरातल्याचे कागद नाहीत, तिथे ताईंची पद्धत. ताई, तुम्ही त्या भागाचं संपादन घ्याल का? आमच्या फौजेत डोंगरातलं कोणी नाही, हे मसुद्यात दिसतंच.

वर्गणीदारांना प्रकरण नाही, मागे नावांची यादी. दोघे आत्ताच गळाले.

सातपुड्याची_लेक

घेते. दोन अटी. गाणी मूळ बोलीत छापायची, शेजारी मराठी. आणि मुखपृष्ठावर तारपा वाजवणारा माणूस नको, तो आमच्याकडचा नाही.

तापीथडी

दोन्ही मान्य. पुतण्याने तोच फोटो निवडून ठेवला होता.

गावकुस

१८५२ च्या दंग्याचे मूळ कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात महसूल खात्याच्या खंडांत शोधा. इंग्रजीत आहेत, पण लोकांचे अर्ज कधी कधी सोबत जोडलेले असतात. ते आधी वाचा, साहेबाचा अहवाल नंतर.

नवीन_दप्तर

कोतवाल बुकाची नक्कल कोणालाही मिळते का? घरातलंच कोणी असावं लागतं?

रुमालवाला

अर्ज करा. गाव, वर्ष आणि नोंद नेमकी लिहिलीत तर मिळते, 'सगळं बघायचंय' म्हणालात तर कारकून वर बघणारही नाही. अभ्यासासाठी सलग बघायचं असेल तर कॉलेजचं पत्र घेऊन तहसीलदारांना भेटा. सकाळी जा, वीज असते. आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका, कागद जाग्यावर भुगा होतो.